‘उरलो’चं ‘उडलो’ झालं त्याबद्दल

दादा,

(मोठ्या चुलतभावाला तीर्थरूप लिहायचं की तीर्थस्वरूप, हे शाळेत शिकवलं तेव्हा मी नेमका खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हा दोन्हींचा नमस्कार एकदम घे.) तुझी पाठ कशी आहे? काकूचा गुडघा? आम्ही मजेत. मुद्दाम सांगतोय, कारण आम्ही मजेत आहोत हाच तुझा राग आहे.

एका अक्षरापायी तू बँड सोडलास. तुझी बाजू तू गावभर सांगितलीस, आता माझी ऐक. जिन्याखालच्या खोलीत आपण दोघं दोन गिटारी घेऊन ती इमो, म्हणजे विरहाची रडकी गाणी म्हणायचो, तेव्हा वरच्या मजल्यावरची बाई विचारायला आली होती, घरात कुणी गेलं का म्हणून. (चहा घेऊन आली होती. चांगला होता चहा.) ऐकायला येणारी पोरं सगळी काळ्या कपड्यांत, केस एका डोळ्यावर. एक जण टाळ्या वाजवायला उठला तो थेट खांबावर. किती दिवस तेच रडगाणं गायचं? मग ड्रमवाला आला, कीबोर्डवाला आला, चकचकीत स्टुडिओ मिळाला. तिथे मी तुझं गाणं कागदावर उतरवून घेतलं आणि गाताना माझंच अक्षर मला लागेना. तू लिहिलं होतंस, ‘तू गेलीस, मी उरलो.’ मी गायलो, ‘तू गेलीस, मी उडलो.’ काचेपलीकडून साउंडवाला ओरडला, ‘हेच! हेच ठेवा!’ आणि ड्रमवाल्याने तिथे असा दणका दिला की तो शब्द कायमचा बसला. (‘उडालो’ हवं म्हणालास. ते चालीत बसत नाही.)

तू म्हणालास, ‘अरे गाढवा, माझं लग्न मोडलं होतं तेव्हा! उडलो काय?’ आणि गिटार उचलून चालता झालास. पण खरं सांग दादा, ती गेली त्याच आठवड्यात तू केस कापलेस, पोहायला लागलास, शिट्टी वाजवत भांडी घासलीस. काकू साक्षीला आहे. उरलास तो फक्त गाण्यात. मी खरं तेच गायलो, चुकून का होईना.

जुने ऐकणारे म्हणतात, बाजारू झालात. म्हणू देत. परवा मागच्या रांगेतली एक आजीसुद्धा त्या शब्दावर खुर्चीतून उडाली. शब्द बदलणार नाही. माफीही मागणार नाही. (ओठांपर्यंत आली होती, गिळली.)

हट्टात तुझाच भाऊ,
धाकटा

ता. क. साउंडवाल्याने गाणं इतकं घासूनपुसून लख्ख केलंय की त्यात माझा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. फक्त तिसऱ्या कडव्यात मागे एक खरखरीत आवाज आहे, तो तुझा. आपल्या जुन्या टेपवरून घेतलाय. ‘हा काढू या,’ म्हणाला. मी म्हटलं, मग मलाही काढ.

ता. क. २. कार्यक्रमात तो आवाज यंत्रातून येतो आणि मी सवयीने डावीकडे बघतो. तिथे आता कीबोर्डवाला उभा असतो. तो बिचारा दर वेळी लाजून हसतो. काल त्याने माझ्यासाठी घरून डबा आणला. प्रकरण आणखी वाढायच्या आत ये.