तळ्यातून बाहेर काढलेली मुलगी

३ मार्च
निवडली! माझी आठवण निवडली! बागेला पंचाहत्तर वर्षं होतायत म्हणून समितीने लोकांकडून आठवणी मागवल्या होत्या, त्यात माझी पहिली आली. रविवारी बागेतच कार्यक्रम, स्टेजवरून वाचायची. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. वय वर्षं सत्तावन्न! आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "काय करपलं?"

४ मार्च
कागद दहादा वाचून झाला. मी पाच वर्षांची. कमळाच्या तळ्याच्या कट्ट्यावरून चालताना तोल गेला आणि धपकन आत! आईने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली नि मला बाहेर काढलं. आई म्हणजे बागेसमोरच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. वर्गात हसायचं नाही, घरात मोठ्याने बोलायचं नाही. अशा बाईने माझ्यासाठी उडी मारली!

त्या एका उडीच्या जोरावर तिने मला आयुष्यभर गप्प केलं. कॉलेजात असताना मला नाटकात जायचं होतं — वेड लागलं होतं अगदी. ती एवढंच म्हणाली, "तुला पाण्यातून काढलंय मी." झालं! नाटक बंद, बँकेची परीक्षा सुरू.

दुपारी
बाग काही केल्या डोक्यातून जात नाही. घसरगुंडीवर मी पालथी घसरायचे, हनुवटीवर अजून खूण आहे. बांबूच्या बेटामागचा बाक — तिथे हे आणि मी "अभ्यास" करायचो! पुस्तक एक, तेही उलटं. माळ्याने एकदा पाण्याची नळी सरळ आमच्यावर सोडली. "झाडं समजलो!" म्हणे. हे चिंब, मी हसून हसून बेजार. त्याच संध्याकाळी ह्यांनी लग्नाचं विचारलं, नाकावरून पाणी टपकत होतं. मी लगेच हो म्हटलं. आढेवेढे घ्यायला हवे होते का? छे!

६ मार्च
दादाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो, "अगं, तू पडलीच नव्हतीस."

"काय बोलतोस!"

"मी तेव्हा घसरगुंडीवर होतो, पडताना कोणालाच पाहिलं नाही. पण घरी येताना तुझ्या हातात दाण्याची पुडी होती. दाणे कुरकुरीत होते. अर्धे मीच खाल्ले!"

पन्नास वर्षांनी ह्याला दाणे आठवतायत! फोन आपटला. मोबाइल आपटूनही काही समाधान होत नाही.

७ मार्च
समितीच्या सेक्रेटरीबाई घरी आल्या. रविवारी आईचाही सत्कार करायचा म्हणतात, "मुलीला वाचवणारी माता". आई आमच्याकडेच राहते, शेजारीच बसली होती; तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मला जमायचं नाही. गुडघे दुखतात." परवाच बाजारातून दोन पिशव्या भरून आली होती, त्र्याऐंशीव्या वर्षी, रिक्षा न करता!

त्या गेल्यावर मला म्हणाली, "दुसरं काही वाच ना. झोपाळ्याचं वाच."

८ मार्च
दादाचं खरं असेल तर? मला भीती वाटतेय. आईने कधी जवळ घेतलं नाही, कधी कौतुक केलं नाही. पण माझ्यासाठी तिने उडी मारली, एवढं माझ्याजवळ होतं. तेच खोटं निघालं तर?

विचारायला दोनदा तिच्या खोलीत गेले. दोनदा चहाचं विचारून परत आले.

९ मार्च, रविवार
आई आली! पहिल्या रांगेत बसली, ताठ. मी "माझा तोल गेला" इथवर वाचलं आणि ती उठून स्टेजवर आली, माइक हातातून घेतला. आवाज थेट वर्गातला.

"चूक. तोल माझा गेला. ह्याच कट्ट्यावर चढलेल्या चार मुलांना सकाळी वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि संध्याकाळी हिला तिथेच लंगडी घालून दाखवत होते. पाय कमळाच्या मुळांत अडकला, पाणी नाकातोंडात. ही धावत गेली आणि माळ्याचा हात ओढत त्याला घेऊन आली. घरी खरं सांगायची लाज वाटली, म्हणून हिचं नाव सांगितलं. इतकं सांगितलं की हिलाही खरं वाटलं."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आईला सगळं आठवतं — माझा एक बूट वाटेत निसटला होता आणि मी अजिबात रडले नव्हते, हेसुद्धा.