गवतात झाकलेली खुरं

९ नोव्हेंबर, रविवार

माझा घोडा म्हशीसारखा दिसतो! हे मला आज कळलं. तीन महिने टॅबवर घोडे काढतेय आणि घरात प्रत्येक घोड्याला एकच शब्द — छान. आई, म्हणजे सासूबाई, चष्मा न लावताच म्हणतात, "छान झालाय गं." अण्णा, म्हणजे सासरे, मान हलवतात. जिनेश दुकानातून आला की अंगठा दाखवतो. आज जुना आणि नवा घोडा शेजारी ठेवून पाहिला. दोन्ही म्हशीच. एकीला आयाळ आहे, एवढाच फरक.

सांगणार तरी कोण? एप्रिलमध्ये बाळ गेलं, पोटातच, सातव्या महिन्यात. तेव्हापासून मी या घरात काचेचं भांडं आहे. कुणी रागावत नाही, कुणी वाद घालत नाही. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं — तिघांनी मुकाट्यानं खाल्ली! खारट झाली म्हणायची हिंमत फक्त मलाच.

११ नोव्हेंबर

फोनवर एक गट सापडला, घोड्यांची चित्रं काढणाऱ्यांचा. नियम असा की आधी काय जमलंय ते सांगायचं, मग काय चुकलंय, मग ते कसं सुधारायचं. नुसतं "छान" लिहिलं तर काढून टाकतात! वाचूनच बरं वाटलं.

मागच्या गल्लीतल्या सूरजभाऊंची वरातीची घोडी आहे ना, राणी, ती काढली होती. तीच गटावर टाकली. आमच्या लग्नात जिनेश हिच्यावरच बसला होता, जीव मुठीत धरून.

१२ नोव्हेंबर

उत्तर आलं. साताऱ्याची पल्लवी म्हणून कुणी आहे, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. लिहिते, "डोळा जिवंत आहे. पण चारी पाय गवतात का? ज्याला खुरं जमत नाहीत तो गवत रंगवतो. गवत काप आणि परत टाक."

अगाऊ बाई! ओळख ना पाळख! दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी जुनी चित्रं उघडली. सगळे घोडे गवतात. एक तर चक्क उसात उभा आहे.

१३ नोव्हेंबर

काल झोप मात्र मस्त लागली. का कोण जाणे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गवत कापलं. खाली काय निघालं म्हणता! खुरांच्या जागी चार कुकरच्या शिट्ट्या. तसंच टाकलं.

पल्लवी म्हणाली, "शाब्बास, लाज सोडलीस. आता मागचा पाय. जो सांधा मागे वळतो तो गुडघा नव्हे, ती टाच. घोडा जन्मभर चवड्यांवरच चालतो. स्वतः उभी राहून बघ."

म्हणून ओट्याला धरून चवड्यांवर उभी राहिले. आई धावत आल्या. "चक्कर आली का गं? जिनेश, पाणी आण रे!" मी म्हटलं, "आई, काही नाही, मी घोडा झालेय." मायलेकांनी एकमेकांकडे असं पाहिलं की बास! नंतर जिनेश हळूच म्हणतो, "मिरजेच्या डॉक्टरांना एकदा दाखवून येऊया का?"

१९ नोव्हेंबर

टाच जमली! पल्लवीनं चित्र आरशातल्यासारखं उलटं करून बघायला सांगितलं होतं. केलं, तर घोडी एका अंगाला कलंडलेली. इतके दिवस सरळ कशी वाटत होती देव जाणे. नीट केली.

२२ नोव्हेंबर

आज पल्लवीनं विचारलं, "मान सुरेख आली. पण घोडी खाली वाकून कुणाकडे बघतीय? कान पुढे, डोळा खाली, आणि तिथं तर काहीच नाही. ती जागा मोकळी का?"

तिथं शिंगरू होतं. मीच काढलं होतं, वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर. मग तो लेयर झाकला आणि चित्र टाकलं. वाटलं, कुणाला कळणार नाही. मेलीची नजर आहे की काय आहे!

टॅब कपाटात. नकोत मला घोडे.

२५ नोव्हेंबर

राहवलं नाही. लिहिलं तिला, सरळच. तिथं शिंगरू आहे, मी झाकलंय. माझं बाळ एप्रिलमध्ये गेलं. मुलगी होती.

पाठवलं आणि फोन उशीखाली कोंबला. आता हीपण मऊ होणार. हीपण "काळजी घे, छान काढतेस" म्हणणार. गेली हीपण!

उत्तर आलं — "फार वाईट वाटलं, कीर्ती. मुलीबद्दल कधीही लिही, मी वाचीन. मनात असेल तर शिंगरू दाखव. नसेल तर घोडीची मान वर घे, चित्र तसंही उभं राहील."

दाखवलं. थोड्या वेळानं, "पाय आखूड. शिंगराचे पाय जवळजवळ आईच्या पायांएवढे लांब असतात. तू कोकरू काढलंयस."

कोकरू! मी हसले, मोठ्यानं. मग रडले. मग परत हसले. सगळं ऐकून घेतलं आणि तरी माझी चूक दाखवली! छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं झालं.

२८ नोव्हेंबर

जिनेशला म्हटलं, "तूपण सांग ना, काय चुकतंय ते."

"मला कुठं चित्रातलं कळतंय?"

"मग घरातलं सांग."

तो म्हणाला, "भीती वाटते गं. तू परत भिंतीकडं तोंड करून बसशील. आईनं तर आम्हाला दम दिलाय, कीर्तीला कुणी काय बोललं तर माझ्याशी गाठ हाय म्हणून."

हे मला माहीतच नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं, यांनी मला सोडूनच दिलंय.

२ डिसेंबर, मंगळवार

शिंगराचे पाय लांब करत बसले आणि दिवस कधी बुडाला कळलंच नाही. आज स्वयंपाक माझ्याकडं होता. आणि आम्ही जैन, अंधार पडल्यावर घरात कुणी घास घेत नाही. आई-अण्णा तर पाणीसुद्धा नाही. मान वर केली तर दारात आई, कमरेवर हात.

"दिवस बुडाला की गं! घोड्यापायी सगळं घर उपाशी ठेवलंस? अक्कल हाय का न्हाई तुला?"

गल्लीत ऐकू गेलं असेल! आणि एकदम तोंडावर हात ठेवून गप्प झाल्या. चेहरा पांढराफटक. माझ्याकडं बघतायत, आता ही कोसळते की काय.

मी म्हटलं, "आई, थांबू नका ना!"

मग थांबल्या नाहीत. माझा टॅब निघाला, आजकालच्या मुली निघाल्या, त्या दिवशीची खारट भाजीसुद्धा निघाली! बोलता बोलता रडायला लागल्या. मीही. मला जवळ ओढलं आणि तरी तोंड चालूच. अण्णा म्हणाले, "चला, आज सगळ्यांना उपास घडला."

जिनेश "जरा दुकानात जाऊन येतो" म्हणून गेला आणि आला. अंगाला वडापावचा वास!

३ डिसेंबर

पहाटे जाग आली, भुकेनं. भुकेनं! एप्रिलनंतर पहिल्यांदा. उजाडायची वाट बघत बसलेय.