कप्तानाच्या तोंडाचा रंग

कोरीट, गुरुवार, संध्याकाळ

लेकीने, मनीषाने, पुण्याहून रंगवायला पाठवलेले बोटाएवढे समुद्री चाचे आज संपायला हवे होते. पटावर मांडायचा खेळ तिचा, खेळणाऱ्या मैत्रिणी तिच्या. पोळ्याचे मातीचे बैल मी रंगवायचे म्हणून हे काम माझ्याकडे. थर्माकोलचं बेट झालं. त्याचे कडे तोरणमाळच्या डोंगरासारखे केले, समुद्र कुठे पाहिलाय मी? सांगाड्याचा खलाशी झाला, आठ हातांचाही झाला. राहिलं कप्तानाचं तोंड.

त्याला ह्यांचा रंग द्यावा असं मनात आलं. तांबडा, पिवळा, थोडा काळा. पुन्हा पुन्हा पुसलं. कधी राखेसारखा, कधी विटकरी. उन्हात रापलेलं ते तोंड रोज समोर होतं, मग आता का जमत नाही? शेवटी हार घातलेल्या फोटोकडे बघून रंगवलं. स्टुडिओवाल्याने त्यात ह्यांना गोरं केलंय, कधी न घातलेला कोट चढवलाय. हे माहीत असूनही.

तेवढ्यात नणंद आली. कप्तान उचलून हसली.

"अवं वहिनी, हाऊ ते आपला दादा शे! फोटोमा शे तस्साच. पन हातमा तलवार? त्याले ते कांदाबी चिरता ये नही!"

मीही हसले. मग कप्तान तिच्या हातातून काढून घेतला. सख्खी बहीण, ह्यांच्या खांद्यावर बसून वाढलेली, आणि तिलाही फोटोच आठवतोय.

ती गेल्यावर ओल्या फडक्याने कप्तानाचं तोंड पुसलं. आता खालचा करडा लेप तेवढा उरलाय. मनीषाला विचारावं का, बाबांचा रंग कसा होता? नको. तिनेही फोटोतलाच सांगितला तर?