दवाखान्यात रुसलेल्या विहीणबाईंना

मान घ्यायला ती काय लग्नाची पंगत हुती व्हय? सरकारी दवाखान्याचा व्हरांडा हुता, आत गर्भपिशवीच्या तोंडाची तपासनी चालली हुती, आन तुमी लिंबाखाली तोंड फिरवून बसल्या, का तर सिस्टरनं मुलीकडचीला आदी हाक मारली आन मुलाकडची मागं ऱ्हायली! साऱ्या खर्डा गावात तपासनीला येऊन रुसलेली वरमाई तुमी पैल्याच, रंगुबाई. बरं, नमस्कार ऱ्हायला, त्यो घ्या. तुमचा गुडघा कसा हाय? शेरडी व्याली का? आमी समदी बरी हाव. म्होरल्या आइतवारी तुमची टोळी ऊसतोडीला निघनार, मग पाडव्यापतूर तुमी कुनाच्या हाती लागत न्हाई, तवा ह्ये त्याच्या आदी मिटवायचं हाय.

फोनवर बोलले असते, पन तुमचा फोन कायम तुमच्या लेकाच्या, आमच्या अंगदराव जावयांच्या हातात, आन ते स्पीकर लावल्याबिगर बोलत न्हाईत. परवा मी नुसतं "तपासनीचं काय ठरलं" म्हनले, तर मागून कोन तरी बाप्या इचारतो, "कसली तपासनी, मावशी? म्हशीची?" म्हनून ही चिठ्ठी, चौथी पास अक्षरात. पंकजा उद्या तुमच्याकडं सासरी निघालीय, तिच्या पापडाच्या डब्यात तळाला घातलीय. तुमी सातवी शिकलेल्या, चष्मा लावा आन सोता वाचा.

झालं काय ते पुन्ना सांगते, कारन तुमी गावभर येगळंच सांगताय म्हनं. नातवाच्या जावळाला तुमी आल्या, दुसऱ्या दिवशी शिबिर, मी म्हनलं चला, तिशीच्या पुढच्या समद्या बायांनी करायचं असतंय. तुमी जरीची साडी नेसून निघाल्या (मी तवाच वळखायला पायजे हुतं). हाक माझी आली आन तुमी फुगल्या. आमच्या गावची आशाताई ज्योती, भली पोरगी, तिनं खुर्ची आनली, न्हाई. चहा आनला, पेला, पन न्हाई. माझी तपासनी उरकून मी बाहीर आले तरी तुमी लिंबाखालीच. शेवटी सिस्टर उठून आली, "आजी, आता तुमीच चला, डॉक्टरच्या बी आदी चला!" (तिनं आजी म्हनलं त्याचा राग येगळा.) तवा तुमी म्हनता, "मुलीकडच्यांनी पाय धुतलं न्हाईत." लाईनीतल्या बाया पदर तोंडात कोंबून हसत्यात, आन ज्योतीनं बिचारीनं आपली प्यायच्या पान्याची बाटली तुमच्या पायावर रिकामी केली. मग उठल्या. ऐटीत दारापतूर गेल्या. आतलं टेबल बघितलं आन जी पाठ फिरवली ती थेट शेवगावच्या यष्टीत, वल्ल्या पायानं! उसाची मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढनारी बाई, कमरेयेवढ्या टेबलावर चढंना.

तुमचं म्हननं, मला दुखत न्हाई, खुपत न्हाई, कशाला दाखवू. मी बी आत ह्येच म्हनले. त्यावर डॉक्टरीन (पंकजायेवढी पोर, पन नजर मास्तरनीची) म्हनली, दुखायला लागल्यावर येता म्हनून तर बाया हातच्या जात्यात. ह्यो रोग दमानं, वरसानुवरसं वाढतो, आदीच गावला तर थोडक्यात भागतं. पैल्यापरीस ह्यो कॅन्सर कमी झालाय म्हनली, पोरींची लग्नं उशिरा व्हत्यात, पोरं दोनच, आन बाया जिथं येळेवर तपासून घेत्यात तिथं तर लईच कमी. ऐकून मला बरं वाटलं. मग घरी येऊन इचार केला. माझं लगीन सोळाव्या वर्सी, तुमचं त्याच्या बी आदी. मला पोरं चार, तुमाला पाच. आन तपासनी म्हनाल तर त्या शिबिरापतूर दोघींची बी न्हाई. म्हंजी कमी झालाय त्यो दुसऱ्या बायांचा, रंगुबाई. आपल्या वाटनीचा तसाच हाय.

टेबलाचं म्हनाल तर पाय वर घिऊन झोपायचं आन छताकडं बघायचं (पंख्यावर लई जळमटं हायेत, मी सिस्टरला सांगून आले). कापसानं आंबट वासाचं पानी लावत्यात, मिनिटभर थांबत्यात, पांढरा डाग उठतो का बघत्यात, झालं. लाज वाटती. व्हय, वाटती. पन पाच बाळंतपनं झाली तवा कुठं गेल्ती ती? माझं काय निघालं ते मागून सांगते, आदी तुमचं. उसाच्या फडात ना टेबल ना डॉक्टरीन. तिथं रगात जात असलं तरी बाई कोयता खाली ठिवत न्हाई, ह्ये मला तुमीच सांगितलंय. टोळीला एक दिस उशीर झाला तर मुकादमाला मी बोलते. त्यो मला भितो.

तुमची भांडायला हक्काची विहीन,
लंकाबाई

ता. क. मानाचं निमित्त हुतं. तुमाला भ्या वाटलं. दारात तुमचं तोंड मी बघितलं, पन कुनाला बोलले न्हाई.

आनखी एक. ही चिठ्ठी पंकजाला दाखवू नका. माझ्यात डाग निघालाय. डॉक्टरीन म्हनली, डाग म्हंजी कॅन्सर न्हवं, लगीच घाबरायचं न्हाई, पन नगरच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बिनीनं बघावं लागंल. येत्या बेस्तरवारी बोलावलंय. मालकांना सांगितलंय, डोळं दाखवायला चाललेय. तुमचं तोंड मी वळखलं कसं म्हनाल, तर आता आरशात रोज त्येच दिसतंय. एकटीनं मला त्या दारातून जायला हुनार न्हाई. तुमी संगं या, तुमचं बी तिथंच दाखवू. आत पैलं कोन जायचं ते यष्टीत भांडू. पाय मी सोता धुते, बाटली भरून आनते. येत असला तर एक मिसकॉल द्या, त्याला स्पीकर लागत न्हाई. मंगळवारी, दिस मावळायच्या आत.