लाल ठिपक्यापर्यंत

५ डिसेंबर १९८४
आज आक्कांना पहिल्यांदा टबात बसवलं. अण्णांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, मुंबईहून आणवलेला विलायती टब. पाणी तापवतो, घुसळतो. पडल्यापासून आक्कांना कमरेखाली काही कळत नाही, म्हणून डॉ.नी शेक सांगितला. आक्कांचं बघायला मला ठेवलंय, म्हणून टब चालवायचं कामही माझं. हीटरच्या चकतीवर वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. त्याच्या पुढे न्यायचं नाही. आधी पाणी, मग हीटर, मग मेन बंद, मग आक्का. पाठ केलंय.
अण्णा : "चकतीवर विसंबू नको रं. हात घालून बघत जा."

९ डिसेंबर
पाय तरंगताना बघून आक्का हसल्या. "बघ, पोहायला लागलं. मला कुणी सांगितलंच न्हाय." मग जांबोटीच्या माहेरचं बोलत बसल्या. पाणी गार झालं तरी उठेनात.

१४ डिसेंबर
घोट्यापाशी, बोटांवर फोड. पाण्याने टरारलेले. आक्कांना पत्ताच नाही, मीच बघितले. चकती ठिपक्यावर होती. मेन बंद. हात घातला होता. कोमट होतं. मग?

१५ डिसेंबर
डॉ. म्हणाले, साखर आहे, जखम भरेलच असं... पुढचं अण्णांशी दाराबाहेर बोलले.
अण्णा मला रागावले नाहीत. "यंत्र बिघडलंय. तुझी काय चूक न्हाय." ज्याने टब बसवला त्या वायरमनला मच्छे गावातल्या अण्णांच्या कारखान्यातून बोलावलंय.

१७ डिसेंबर
वायरमनने ठिपक्यापर्यंत तापवून मला हात घालायला लावला. "कोमट," मी म्हणालो. वहिनींनी बोटं बुडवली आणि ओढून घेतली. "हे कोमट? हात हायत का उलथनं?" सगळे हसले. चकती सरकली होती. अण्णा वायरमनवर उखडले, "घट्ट बसवायला येत न्हाय व्हय?"
दुपारी चुलीवरच्या चहाच्या पातेल्याला तळवा लावून बघितला. धरवला.
शाळा सुटल्यापासून इथं येईपर्यंत मी वडिलांच्या, आप्पांच्या गुऱ्हाळात होतो. पाण्यात बोटं बुडवून उकळता पाक उचलायचा, गोळी होते का बघायची. आप्पा लोकांना बोलावून दाखवायचे, "पोराला चटका लागत न्हाय."
मी इथं हे कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

१८ डिसेंबर
आक्कांना सांगितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तुझं हात नि माझं पाय सारखंच की रं." मला हसता येईना.
"अण्णाला बोलू नगंस. दुसरा आला तर मला पोत्यागत उचलंल."

२१ डिसेंबर
आक्कांना ताप. पट्टी सोडली तर वास. पायाची बोटं काढावी लागतील का, ते डॉ. सोमवारी सांगणार.
काल रात्री व्हरांड्यात अण्णा फोनवर : वायरमनला कामावरून काढा. त्याची बायको सकाळी येऊन फाटकापाशी उभी होती. मी तिच्याकडे न बघता पाणी भरत राहिलो.

२४ डिसेंबर, सोमवार
आक्का रात्रभर बरळत होत्या. आता गप्प राहवत नाही.
डॉ. यायच्या आधी अण्णांपुढे गेलो. नुसता हात पुढे केला. त्यांनी धरला, उलटा-सुलटा करून बघितला.
"काय रं, तुला बी भाजलं?"
"न्हाय अण्णा. मला भाजतच न्हाय."
डॉ.ची गाडी फाटकात वाजली. अण्णा उठले नाहीत. माझा हात त्यांच्या हातातच होता.