बॅकअप एकदम सुरक्षित आहे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण मुंबईहून ऑडिटर आला होता, आणि आपण काय काय सहन करतो याची नोंद कुठेतरी राहायला हवी.

कर्जतचं मुख्य हॉस्पिटल, खालापूरची शाखा, कशेळ्याचा दवाखाना. तिन्हींचे कॉम्प्युटर मी, आयटी हेड फुरकान, एकहाती सांभाळतो. (उमैमा हाताखाली आहे. माझ्या बायकोची, फराहची, मावसबहीण. पण तिला धरत नाही.) पेशंटचे रिपोर्ट, औषधं, ऑपरेशनं, सगळं सर्व्हरवर. रोज त्याची दुसरी प्रत निघते. तो बॅकअप.

ऑडिटर म्हणाला, हल्ली चोर आधी बॅकअप पुसतात आणि मग सर्व्हरला कुलूप घालून खंडणी मागतात. म्हणून बॅकअपचं लॉगिन वेगळं ठेवा, मोबाइलच्या कोडचं दुसरं कुलूप लावा, महिनाभर कोणालाच काही पुसता येऊ नये अशी सेटिंग करा आणि एक प्रत वायर काढून लांब ठेवा. मी समजूतदारपणे मान डोलावली. कधी होईल, त्याने विचारलं. शुक्रवारपर्यंत, मी म्हणालो.

संकल्प: शुक्रवारपर्यंत सगळं.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोबाइलचा कोड सुरू केला. सर्व्हर रूम तळघरात, रेंज नाही. कोड घ्यायला पार्किंगपर्यंत चढलो, उतरेपर्यंत कोड शिळा. पुन्हा चढलो. वॉचमन विचारायला लागला, साहेब तब्येत बरी ना.

उमैमा म्हणाली, अ‍ॅपवर कोड घ्या, त्याला रेंज लागत नाही. अ‍ॅप मोबाइलमध्ये जागा खातं. कोड बंद केला. तात्पुरता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुसण्यावर बंदीची सेटिंग उघडली. खाली लिहिलं होतं, मुदत संपेपर्यंत अ‍ॅडमिनलाही डिलीट करता येणार नाही. म्हणजे मीच घेतलेला बॅकअप मलाच पुसता येऊ नये? बारा वर्षं नोकरी केल्याचं हे फळ?

‘कॅन्सल’ दाबलं. नमाजची वेळही झाली होती.

वेगळं लॉगिनही नको असं ठरवलं. एकच पासवर्ड सगळीकडे असला की डोकं मोकळं राहतं आणि मोठे विचार सुचतात. मोठे विचार सोमवारी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बॅकअप सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून मेल आला. लायसन्स आज संपतंय, ताबडतोब लॉगिन करा. केलं. पान उघडलं नाही. पुन्हा पासवर्ड टाकला. तरी नाही. एवढ्या मोठ्या कंपन्या, पण वेबसाइट धड नाही. माझ्या तत्परतेमुळे लायसन्स मात्र वाचलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उमैमाने माझ्या अपरोक्ष एक सेटिंग केली होती. बॅकअप पुसायचा तर दोघांची परवानगी लागेल, माझी आणि तिची. मी काढून टाकली. हेडने परवानगी मागायची ती कोणाकडे, आपल्या मेहुणीकडे?

संध्याकाळी ती घरी आली. ऑफिसात रागावली की मला ‘दुल्हाभाई’, म्हणजे भावोजी, म्हणते आणि घरी रागावली की ‘सर’. आज जेवताना म्हणाली, “सर, भाकरी वाढू?”

फराहने दोघांकडे पाहिलं आणि भाकरी स्वतःच वाढली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल म्हसळ्याला लग्न. मजा आली.

आज उमैमा स्क्रीन दाखवायला आली. काल दुपारी माझ्या नावाने कोणीतरी बॅकअपमध्ये लॉगिन झालं होतं. “तुम्ही तर तेव्हा माझ्याशेजारी बिर्याणी खात होतात,” ती म्हणाली.

मी शांतपणे समजावलं. शनिवारी लॉगआउट करायला विसरलो असेन. काही सिस्टिम इतक्या आज्ञाधारक असतात की मालक नसला तरी काम चालू ठेवतात. तिने पासवर्ड तरी बदला म्हणून विनवणी केली. बदलला, तर तो खालापूर आणि कशेळ्यालाही बदलावा लागेल. उद्या बघू.

नवीन एक खातंही दिसलं, ‘बॅकअप-टू’. उमैमानेच उघडलं असणार. मोठेपणाने बोललो नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आनंदाची बातमी. स्टोरेज महिनाभर भरत आलं होतं, नवीन डिस्क मागवणार होतो. आज बघतो तर निम्म्याहून जास्त रिकामं! जुने बॅकअप आपोआप साफ झालेत. रोजचा बॅकअपही आता चहा संपायच्या आत पुरा होतो, पूर्वी सकाळ जायची.

मी काहीच केलेलं नाही, हे कोणाला सांगायची गरज नाही. डॉ. श्रद्धांना मेल टाकला: ‘स्टोरेजचं यशस्वी नियोजन’. त्या आमच्या डायरेक्टर. त्यांनी अंगठा पाठवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी एक गंमत. हात डब्यावर होता, आणि स्क्रीनवरचा बाण आपला आपण हलला. हळू. एक फोल्डर उघडलं, थोडा थांबला, बंद केलं. मग पेशंटच्या नोंदींवर गेला. कोणी खांद्यावरून वाचत असावं तसं वाटलं.

मी माउसला हात लावला तर तो थांबला.

पॅड घासला गेलाय. नवीन मागवायचा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ट्रस्टींसमोर प्रेझेंटेशन. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत: बॅकअप एकदम सुरक्षित आहे. एका ट्रस्टीने विचारलं, बॅकअपमधून परत काढून बघितलंय का कधी? मी म्हणालो, हो. कँटीनचा मेनू काढला होता. मेनू मिळाला, हे सांगितलं. कँटीनचा, हे नाही.

लांब ठेवायच्या प्रतीचंही विचारलं. ती डिस्क खालापूरला न्यायची, वायर काढून. पण सारखी काढ-घाल केली की पिन झिजते. म्हणून ती सर्व्हरलाच जोडून ठेवली आहे. ‘वेगळ्या जागी’ म्हणालो. टेबल वेगळं आहे.

मागे बसलेली उमैमा उठून म्हणाली, “हे खरं नाही.” मी हसलो. तिला ताप आहे, असं ठोकून दिलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

उमैमाची बदली, खालापूर शाखेत, प्रिंटरसाठी. तिच्याच भल्यासाठी. जाताना दारात म्हणाली, “दुल्हाभाई, आत कोणीतरी आहे.” मी मागे वळून पाहिलं. सर्व्हर रूममध्ये कोणी नव्हतं.

फराह माझ्याशी बोलत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ओपीडी भरलेली. आधी रजिस्ट्रेशनची स्क्रीन काळी. मग लॅब. मग एक्स-रे. मग तिन्ही ठिकाणी एकदम. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी. तुमच्या फाइल आमच्याकडे आहेत. वगैरे.

डॉ. श्रद्धा धावत तळघरात आल्या. मी म्हणालो, मॅडम, बॅकअप आहे, संध्याकाळपर्यंत सगळं परत. त्यांनी माझा हात घट्ट धरला. वर जाऊन सगळ्यांना सांगितलं, काळजी नको, आपल्याकडे बॅकअप आहे. टाळ्यांचा आवाज खालपर्यंत आला.

मग मी बॅकअप उघडला.

३० नोव्हेंबर, रविवार

काही नाही. जोडून ठेवलेल्या डिस्कवरही त्याच चार ओळी.

तांत्रिकदृष्ट्या बॅकअप फेल झालेला नाही. बॅकअप झाला होता. नंतर तो नाही, हा वेगळा विषय. असं डॉ. श्रद्धांना समजावत होतो. त्या म्हणाल्या, “फुरकान, गप्प बसा.” बारा वर्षांत पहिल्यांदा.

२ डिसेंबर, मंगळवार

सायबर पोलीस आले. आत शिरायला वापरलेला पासवर्ड माझाच, लायसन्सच्या त्या मेलमधून उचललेला; मेल खोटा होता. चोराने माझा निवडला, यावरून आयटी हेडचं महत्त्व कळतं, असं लिहिणार होतो.

दुपारी खालापूरला टेंपोने उडवलेला माणूस आणला. बेशुद्ध. हिरू, फार्महाऊसच्या बांधकामावरचा. खिशातल्या आधार कार्डावरून नाव कळलं. एरवी नाव टाकलं की पूर्वीचं सगळं समोर येतं. आज कॉम्प्युटर बंद. डॉक्टरांनी नेहमीचं इंजेक्शन दिलं. अंग सुजलं, श्वास बंद पडला.

बायको उशिरा पोचली. म्हणाली, ते इंजेक्शन त्याला चालत नाही. मागच्या वर्षी कर्जतला असंच झालं होतं आणि तेव्हा आमच्या हॉस्पिटलने ते कॉम्प्युटरमध्ये लाल अक्षरांत नोंदवलं होतं.

हे सगळं उमैमाने फोनवर सांगितलं. ती तिथेच होती. आता तो व्हेंटिलेटरवर. मी विचारलं, प्रिंटर चालू आहेत का. का विचारलं, माहीत नाही. तिने फोन ठेवला.

५ डिसेंबर, शुक्रवार

हिरू शुद्धीवर आला. नमाजनंतर बराच वेळ बसून होतो.

मीटिंगमध्ये ठरलं, खंडणी द्यायची नाही. नवीन सिस्टिम उमैमा उभारणार. वेगळं लॉगिन, कोड, पुसण्यावर बंदी, लांबची प्रत, सगळं. मी म्हणालो, या सूचना मी महिनाभर अभ्यासल्या आहेत, मार्गदर्शन करू शकेन. कोणी वर पाहिलं नाही. उमैमा टेबलाखालून वायर ओढत होती. “सर, जरा पाय उचला,” म्हणाली. उचलले.

पोलीस चौकशी संपेपर्यंत मला कशेळ्याला पाठवलंय. पेशंटना विचारून जुनी माहिती नव्याने भरायची. विकेंद्रित जबाबदारी, म्हणता येईल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कशेळे. बाजारचा दिवस नाही, तरी रांग जीपच्या थांब्यापर्यंत. वरच्या वाड्यांतून लोक आलेत.

अंबाबाई म्हणून एक आजी. हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ राहायची गोळी चालू. ती थोडी कमी झाली तर गाठ होते, थोडी जास्त झाली तर रक्तस्राव, हे डॉक्टरांनी मला सकाळीच बजावलं होतं. गोळ्या संपल्यात. पाकीट चुलीत घातलं.

मी विचारलं, आजी, गोळी केवढी होती? अर्धी घ्यायचात की पूर्ण?

“मला कसं ठावं रं. दर बारीला रगत तपासून तो डाक्टर बदलायचा. कमपुटरात हाय की. बघ ना.”

नाही, म्हणालो.

“बघ तरी. समदं लिवलेलं हाय त्यात. त्यो बोलला होता, आजी, कागुद हरवला तरी चालंल, हितलं कधी हरवनार नाय.”

हरवलं, आजी.

ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. मागच्या बाईने तिला हळूच विचारलं, काय झालं. ती म्हणाली, “काय नाय. यांना आपली वळख ऱ्हायली नाय.”

तिला रक्त तपासायला कर्जतला पाठवलं. सोबत कोणी नव्हतं, जीपमध्ये एकटीच बसली. जेवायची सुट्टी झाली होती. मी उठलो नाही. पुढच्या बाईला नाव विचारलं.