तुझी कंबर, माझा अ‍ॅम्प

आई, आज दुपारी स्वयंपाकघरात फरशीवर पाठ टेकून पडलेले, पाय स्टुलावर, आणि तुझी आठवण आली असं म्हणणार होते. पण तसं झालं नाही. आधी कंबरेची आठवण आली, मग तुझी. तू वागळे इस्टेटच्या कॅन्टीनमधून घरी आलीस की पिशवी दाराशी ठेवून साडीसकट अशीच आडवी व्हायचीस. "पाचच मिनिटं," म्हणायचीस. मी शेजारी बसून गिटार वाजवतेय, काहीतरी नवीन बसवलेलं आहे, आणि विचारते, "कसं वाटलं?" तू डोळे न उघडता म्हणतेस, "छान. वाजव, मी ऐकतेय." आणि लगेच घोरायला लागतेस. मला तेव्हा फार राग यायचा. आता कार्यक्रमावरून घरी आल्यावर मला कुणी काही ऐकवायला बसलं, तर मीही झोपेन.

ती गिटार तूच आणलेलीस. तुमच्या कॅन्टीनच्या साहेबांची बदली झाली, त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं. कुणी टेबलफॅन उचलला, कुणी मिक्सर. तू त्यांच्या मुलाची जुनी गिटार मागितलीस आणि चादरीत गुंडाळून बसमधून घेऊन आलीस. मी कधी मागितली नव्हती. मला गिटार हवी आहे हे मलाही माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, "अगं, फॅन तरी आणायचास." तू म्हणालीस, "फॅन आहे की आपल्याकडे." विषय संपला.

मग मी ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले. मुलगी एकटी कशी जाणार, असं मावशी म्हणाली म्हणून तू सोबत यायचीस, दिवसभर शेगडीपुढे उभी राहून झाल्यावर. मेकअपच्या खोलीत लोखंडी खुर्चीवर ताठ बसून झोपायचीस. कल्याणच्या त्या गणपतीच्या कार्यक्रमात ढोलकीवाल्याने माझी गिटार आणि बॅग उचलून स्टेजवर नेली, आणि मला मागे, पडद्याच्या कडेला जागा करून दिली. मी गप्प तिथे जाऊन उभी राहिले. परत येताना रिक्षात तू एवढंच बोललीस, "आपलं सामान आपण उचलायचं. दुसऱ्याने उचललं की कुठे ठेवायचं तेही तोच ठरवतो." एवढ्या शांतपणे बोललीस की मला ओरडा बसलाय हे घरी आल्यावर कळलं.

ते मी फारच मनावर घेतलं. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी स्वतःचा अ‍ॅम्प घेतला. अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. माझा व्हॉल्व्हचा आहे, आत काचेच्या नळ्या असतात. हल्लीच्या खोक्यांपेक्षा त्याचा आवाज गोल आणि जरा खरखरीत येतो, हळू वाजवलं तर कुजबुजतो, जोरात छेडलं तर चिडतो. यातले चांगले अ‍ॅम्प आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर. माझा त्यातल्या त्यात परवडणारा, तोही वापरलेला. आंबिवलीच्या एका माणसाकडून आणला. त्याला जुळी मुलं झालेली, घरात ठेवायला जागा उरली नव्हती. देताना म्हणाला, "मॅडम, एकट्याने उचलू नका हा." मी त्याच्यासमोर मुद्दाम एकटीने उचलला.

तेव्हापासून उचलतेच आहे. डोंबिवलीच्या आपल्या घरातून खाली, रिक्षात, हॉलच्या मागच्या दाराने आत, परत तसाच वर. आपल्या बिल्डिंगला अजून लिफ्ट नाही. पहिल्यांदा कंबरेत कळ आली तेव्हा मी जिन्यात मध्येच अ‍ॅम्पवरच बसले, आणि एकदम तुझे कॅन्टीनमधले ते डाळीचे टोप डोळ्यासमोर आले. दोघींनी मिळून धरायचा टोप तू एकटी उतरवायचीस, हे तुझ्याबरोबरच्या बाईने मला तुझ्या दहाव्याला सांगितलेलं. कंबर दुखते असं तू मला एकदाही म्हणाली नाहीस. पाचच मिनिटं, एवढंच.

गेल्या महिन्यात ठाण्याला एका हॉटेलात रविवारच्या जेवणाच्या वेळी आमचा कार्यक्रम होता. आम्ही तिघं, आणि आमचा गायक माझ्या निम्म्या वयाचा आहे. तिसऱ्या की चौथ्या गाण्यात अ‍ॅम्प आधी भुंकला, मग मुका झाला. एक व्हॉल्व्ह गेला होता. गायक वाकून म्हणाला, "ताई, सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये दे ना. माझा पेडल आहे बघ, यात सगळ्या अ‍ॅम्पचे आवाज आहेत." मी वायर काढून पायाने दाबायच्या त्या वीतभर डबीत घातली आणि वाजवत राहिले. कुणीही मान वर करून बघितलं नाही. उलट एक गृहस्थ बिल देऊन जाता जाता थांबले आणि म्हणाले, "शेवटची गाणी छान झाली हा तुमची."

सामान आवरताना गायक म्हणाला, "बघ ताई. लोकांना काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"तू कंबर धरून चालतेस, त्याने आम्हाला पण पडतो."

 त्या दिवशी अ‍ॅम्प त्यानेच रिक्षापर्यंत नेला आणि मी मागून नुसती पर्स घेऊन चालले.

नवा व्हॉल्व्ह आला, मी बसवला, अ‍ॅम्प ठणठणीत झाला. तरी गायकाला फोन करून सांगितलं, यापुढे मीही एक पेडल घेऊन तोच आणेन. "बरं झालं ताई," तो इतक्या पटकन म्हणाला की हे त्याला खूप दिवसांपासून बोलायचं होतं हे कळलं. वाईट वाटलं. हलकंही वाटलं, आणि त्याचं जास्त वाईट वाटलं.

आता अ‍ॅम्प घरीच असतो, खिडकीखाली. काल दुपारी जरा वाजवू म्हणून चालू केला. तो लगेच वाजत नाही, आई. आतले व्हॉल्व्ह तापावे लागतात. जाळीतून नारिंगी उजेड दिसायला लागतो, गरम धुळीचा वास येतो, मग बारीक घरघर सुरू होते. तोपर्यंत वाजवता येत नाही आणि कुणी वाजव म्हणूही शकत नाही. भरल्या हॉलमध्येसुद्धा तेवढा वेळ माझा एकटीचा असायचा.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहून टाकते. मला आताशा वाजवायचा कंटाळा येतो. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. काल घरघर सुरू झाली, सगळं तयार झालं, आणि मी गिटार हातात न घेता बटण बंद केलं.